काचेचं माप

“हात सैल सोड गं. खात नाही मी तुझा हात,” देसायांच्या सुनेला मी म्हटलं, आणि तिची बोटं माझ्या मुठीत गोळा करून सहावी हिरवी बांगडी सांध्यापर्यंत आणली.

दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. कऱ्हाडच्या आमच्या आळीत त्या दिवशी बायकांची एवढी गर्दी असते की दुकानाची पायरी दिसत नाही. देसायांच्या सुनेला सातवा महिना. तिची सासू शेजारी स्टुलावर बसून माझ्या हातांकडं बघत होती. बघू दे म्हटलं. बघत राहावं असेच होते ते तेव्हा.

तेवढ्यात आतल्या खोलीत टीव्हीवर ते गाणं लागलं.

माझी नात केतकी शाळेतून आली की दप्तर टाकून रोज एकच सिनेमा लावायची. बाहुल्यांचा. त्यात खरी माणसं नव्हती, रंगवलेल्या पोरी होत्या, मुठीएवढी कंबर आणि गुडघ्यापर्यंत पिवळे केस. त्या नाचायच्या, गायच्या, आणि परदेशातल्या असून मराठी बोलायच्या. बाकीची गाणी सगळी धांगडधिंग्याची. हे एकच तसं नव्हतं. ह्यात एक बाई अगदी हळू गायची, ‘पान हललं तर वारा नको समजू, बाळे’. एवढं म्हणून ती थांबायची. श्वास घ्यायची, आणि तो श्वास आपल्याला ऐकू यायचा. मग म्हणायची, ‘मी इथेच आहे.’

त्या श्वासाला माझ्या हातात बांगडी फुटली.

सुनेनं हात ओढून घेतला. मनगटावर बारीक चीर, आणि रक्ताचा एक थेंब पोटावरच्या पदरावर.

“द्वारकाकाकू,” देसाईवहिनी म्हणाल्या, “तुमच्या हातून?”

“काच आहे वहिनी, पोलाद नाही.”

“काच आमच्याही घरी फुटते. पण पोटुशीच्या हातात, गौरीच्या तोंडावर?”

मी हळद दाबली, सातवी बांगडी उचलली, पुढचा सगळा चुडा बिनबोभाट भरला. सून वाकून नमस्कार करायला लागली तशी सासू म्हणाली, “राहू दे, पोट दबेल.” बांगड्या भरल्यावर कासाराला नमस्कार करायची रीत आहे. नऊ महिन्यांच्या बायका भिंतीला धरून वाकतात. मला कळायचं ते कळलं.

मी शिकले चौथीपर्यंत. नवरा गेला तेव्हा सुधाकर तीन वर्षांचा होता. स्वतःचे हात रिकामे घेऊन दुसऱ्यांचे हात भरायला बसले, तेव्हा आळीतल्या बायकांनी नाकं मुरडली. पण माझ्यासारखा हात आसपासच्या चार गावांत नव्हता, मग मुरडलेली नाकं घेऊन त्या माझ्याकडंच आल्या. डोळे बांधून बाईचा हात माझ्या हातात द्या, कुणाची कोण ते सांगेन. माप सांगेन, सासरी सुखात आहे का तेही सांगेन. एवढा माझा गर्व होता, आणि तो खोटा नव्हता. अठ्ठावीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या हातात माझ्याकडून बांगडी फुटली नव्हती.

त्या महिन्यात ही तिसरी. तिन्ही वेळा तेच गाणं, आणि तीच जागा.

आत गेले. केतकी टीव्हीपुढं मांडी घालून बसली होती. सात वर्षांची पोर, दुसरीत. गाणं संपून गेलं होतं तरी तिचे ओठ हलत होते. मला बघितलं आणि ओठ मिटले.

“आवाज कमी कर,” मी म्हटलं.

तिनं केला.

“‘आजी, करते’ असं म्हणायला काय पैसे पडतात?”

ती टीव्हीकडं बघत राहिली.

ही पोर मुकी नव्हती. शाळेत कविता म्हणायची. बापाशी बोलायची, शेजारच्या शालनच्या मुलींशी कचाकचा भांडायची. फक्त माझ्याशी बोलायची नाही. तिची आई गेली त्या दिवसापासून एक अक्षर नाही. जेव म्हटलं की जेवायची, वेणी घालायला बसायची, माझ्या कुशीत झोपायचीसुद्धा. पण तोंड मिटलेलं. वर्ष उलटून गेलं होतं.

तिची आई म्हणजे माझी सून वैजयंती. आदल्या श्रावणात काविळीनं गेली. नवरा मागं ठेवून बाई गेली की तिला हिरवा चुडा भरून पाठवतात. तो मीच भरला, दुसरं कोण भरणार? लग्नात तिला मी दोन-चार मापाच्या बांगड्या भरल्या होत्या, अगदी मापात बसल्या होत्या. त्याच मापाच्या काढल्या, तर हातातून घरंगळायला लागल्या. मग दोन-दोनच्या आणल्या. त्या बसल्या. आठ वर्षं माझ्या घरात राहून पोरीचा हात एका मापानं उतरला होता. आजारानं उतरला, असं मी जमलेल्या बायकांना सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

तिचे वडील, अण्णा, मिरजेला शाळेत गाणं शिकवायचे. गौरी गेल्या त्याच आठवड्यात त्यांचा दुकानावर फोन आला.

“विहीणबाई, केतू बोलते का तुमच्याशी?”

“बोलेल की. जाते कुठं?”

“वर्ष झालं.”

“वर्ष मी मोजलंय अण्णा, तुम्ही सांगायला नको.”

मग म्हणाले, “अविधवा नवमीला येतो मी. तोवर बोलली तर प्रश्नच नाही. नाहीतर मिरजेला घेऊन जातो. तिथं शाळा आहे, तिची आजी आहे, मामा येऊन-जाऊन असतो. घरात एका माणसाशी तोंड बांधून पोर कशी वाढायची?”

“पोर ह्या घरातली आहे.”

“वैजूही झाली होती की तुमच्या घरातली,” ते म्हणाले आणि त्यांनीच फोन ठेवला. गरीब माणूस. एवढं वाकडं त्यांना मी कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

सुधाकरला सांगितलं तर तो म्हणाला, “जाऊ दे की आई थोडे दिवस.” त्याचं बरं होतं. तो गावोगावच्या बाजारांना माल घेऊन फिरतीवर. रात्री कुशीत पाय टाकून झोपायची ती माझ्या. ती गेली असती तर त्या दोन खोल्यांत मी आणि काच, एवढंच उरलं असतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

पितृपक्ष लागला. त्या पंधरा दिवसांत कुणी बांगड्या भरत नाही. दुकान उघडं ठेवून मी आत पोरीशेजारी बसायला लागले. म्हटलं, बघू तरी काय आहे ह्या सिनेमात.

गोष्ट काही नवी नव्हती. आई मेलेली पोर, सावत्र आई, राखेत झोपणं, राजवाड्यातला नाच. आईला पुरलं तिथं झाड उगवतं, आणि पोर रडत झाडापाशी आली की झाडातून आई गाते. तेच ते गाणं. मग झाड पोरीला झगा देतं, काचेचे जोडे देतं, आणि पोर ते घालून नाचायला जाते.

“काचेचे जोडे?” मी म्हटलं. “पहिल्या गिरकीला टाच कापली असती सटवीची.”

केतकीच्या ओठाचा एक कोपरा हलला. मला वाटलं, आता ही हसणार. म्हणून मी आणखी बोलले. “आणि हा राजपुत्र बघ. एवढं तिच्याबरोबर नाचला, बोलला, आणि आता एक जोडा घेऊन घरोघरी पाय मापत फिरतोय. अख्ख्या राज्यात एका मापाची एकच बाई असते होय? आपल्या एकट्या आळीत दोन-चारच्या चाळीस निघतील. तिचा आवाज ऐकला होता ना मेल्या? मग आवाजावरून ओळख की. ढ आहे नुसता.”

हे ऐकून केतकीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. असं बघितलं की मी राजपुत्राला तिथंच सोडलं. पोरीच्या डोळ्यांत काहीतरी अगदी कडेपर्यंत आलं होतं. ती बोलणार होती. मी वाट बघितली. तिनं दात दाबून ओठ आत घेतले आणि परत टीव्हीकडं वळली.

दुसऱ्या दिवशी झाडाचं गाणं लागलं तेव्हा मी मुद्दाम हात मांडीवर ठेवून बसले. हातात काही नव्हतं. ती बाई ‘बाळे’ म्हणून थांबली, श्वास घेतला, आणि माझ्या दोन्ही हातांची बोटं आपोआप आत वळली, जशी बांगडी दाबताना वळतात. हा आवाज कुणाचा म्हणून मी आठवायला बघायचे तर काही हाताला लागायचं नाही. ओळखीचं माणूस पाठमोरं चाललंय आणि हाक मारायला नावच सुचत नाही, तसं व्हायचं.

शालनला बोलावून ऐकवलं. शालन म्हणजे शेजारीण, सुधाकरच्या वयाची, माझ्याकडं रोज येऊन बसणारी.

ती म्हणाली, “आवाज गोड आहे हो काकू. पण खरं सांगू का? मेलेली आई झाडातून गाते, आणि ही आई मेलेली पोर ते रोज ऐकते. आईचा नाद सुटायचा कसा तिचा? ती त्या झाडापाशीच बसलीय. तुमच्याकडं येईल कशी?”

मला ते पटलं. जुनी बांगडी हातात अडकून बसली असेल तर मी आधी ती काढते आणि मग नवी भरते. माझं सगळं शहाणपण हातातलं. तेच मी लावलं.

नवमीच्या आदल्या दिवशी दुपारी केतकी शाळेतून यायच्या आधी मी सिनेमाची ती सीडी यंत्रातून काढली आणि कनवटीला खोचल्यासारखी पदराआड धरून बसले. ती आली, दप्तर टाकलं, यंत्र उघडलं. आत काही नाही. तिनं वळून बघितलं. मी सीडी पुढं धरली.

“आजी म्हण. एकदाच. मग लावून देते.”

तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

“अगं, दोन अक्षरं. उद्या तुझे आजोबा येणार, तुला घेऊन जाणार. जायचंय तुला?”

तिनं जोरात मान हलवली. नाही.

“मग म्हण की बाई. आ-जी. मी काय वाईट केलंय तुझं? तुला न्हाऊमाखू कोण घालतं? तापात मांडीवर कोण घेऊन बसलं होतं?”

डोळ्यांतनं पाणी खळाखळा वाहत होतं, आणि बोटं तोंडावर इतकी दाबलेली की नखं पांढरी पडली. ते बघून मला दया यायला हवी होती. मला राग आला. मला वाटलं, एवढं हट्टीपण आईकडून आलं. ती पण अशीच. तोंडानं हो म्हणायची आणि आत कुठंतरी दार लावून घ्यायची.

“बरं,” मी म्हटलं.

सीडी लवकर मोडत नाही. आधी वाकते, वाकतच जाते, आणि मग एकदम तडकते. आवाज बांगडीसारखाच. त्या दोन तुकड्यांचे मी चार केले आणि मागच्या पडवीतल्या पोत्यात टाकले. आमच्याकडं फुटलेली काच रस्त्यावर टाकत नाहीत, पोत्यात साठवतात आणि भट्टीचा माणूस येऊन घेऊन जातो. फुटलेल्या सगळ्याची माझ्याकडं तीच जागा.

केतकी ओरडली नाही. तोंडावरचे हात तिनं काढलेच नाहीत. तशीच जाऊन कोपऱ्यात बसली.

नवमीला सकाळी अण्णा आले. धोतर, काळी टोपी, पिशवीत पेरू. अहेव गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवायला घालतात. सवाष्ण म्हणून शालनला सांगितलं होतं. सुधाकर ओल्या अंगानं पूजेवरून उठला. मी खीर, वडे, अळूची भाजी, सगळं एकटीनं केलं होतं. शालनला पाटावर बसवलं, ओटी भरली, वैजयंतीला आवडायची तसली मोरपंखी साडी दिली. अण्णांनी ते सगळं बघितलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. मला वाटलं, आता विषय निघणार नाही.

केतकी त्यांच्या मांडीला चिकटून बसली होती. अण्णांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. “केतू, आईचं गाणं लाव की. आज तिचा दिवस. जेवताना ऐकू.”

मी वाढता वाढता थांबले. “कुठलं गाणं?”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं. “म्हणजे अजून सांगितलं नाही हिनं?”

“काय सांगायचं?”

“वैजूनं गायलेलं हो. त्या बाहुल्यांच्या सिनेमातलं. झाडाचं गाणं.”

सुधाकर टॉवेल हातात धरून दारातच उभा राहिला. शालननं वड्याचा तुकडा ताटात परत ठेवला.

“जायच्या आधीच्या दिवाळीत आली होती ना माहेरी,” अण्णा सांगायला लागले. सांगताना आनंदानं त्यांचा आवाज जरा चढला होता. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. “आमचा मिलिंद, केतूचा मामा, तेव्हा पुण्यात त्या परदेशी चित्रांना मराठी बोलणं चढवायचं काम करायचा. एका गाण्याची बाई ऐन वेळी आलीच नाही. हा म्हणाला, ताई, तू चल. ती घाबरली, मला कुठं जमणार म्हणाली, बाहुलीच्या ओठाला ओठ जुळवून गावं लागतं. तर हा म्हणाला, अगं, हे झाड गातंय. झाडाला तोंड नसतं. तुला हवं तिथं थांब, हवं तिथं श्वास घे. सकाळच्या गाडीनं गेली, संध्याकाळी परत. कित्येक वर्षांत गायली नव्हती, दम पुरत नव्हता बिचारीचा. तो श्वास ऐकू येतो बघा मध्ये. मिलिंद म्हणाला, काढून टाकतो. मालक म्हणाला, राहू दे, बरा वाटतो.”

“नाव?” मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आला.

“नाव घालू का विचारलं होतं त्यांनी. नको म्हणाली. सासूबाईंना आवडायचं नाही म्हणाली. एक सीडी मिळाली, ती तिनं लेकीला दिली. कंपनी पुढं बंद पडली, मिलिंदकडंही काही राहिलं नाही. म्हणून तर म्हटलं, आज ऐकू.”

लग्नानंतर पंधरा-वीस दिवसांनी असेल. वैजयंती दुकानात माझ्यामागं बसून बांगड्या दोऱ्यात बांधत होती आणि गुणगुणत होती. समोरची गिऱ्हाईक बाई म्हणाली, “सून गाते वाटतं?” तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. पण मी विधवा बाई, एकटीच्या जिवावर दुकान, दारात चार लोक. मी मागं न वळता म्हटलं, “ह्या घरात बांगड्या वाजतात. तेवढा आवाज पुरे.” मागचं गुणगुणणं एका श्वासात थांबलं. त्यानंतर मी तिचा गाण्याचा आवाज ऐकला नाही. मी पुढं तोंड करून बसले होते, माझ्या हातात कुणाचा तरी हात होता, आणि ती थांबली तेव्हा माझी बोटं जराशी आत वळली होती. ते बोटांनी लक्षात ठेवलं होतं. मी नाही.

केतकी अण्णांच्या मांडीवरून उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. खिरीचं पातेलं माझ्या हातात तसंच.

“आजी,” ती म्हणाली, “मी नाही सांगितलं.”

वर्षानं ऐकलेला आवाज. जरा घोगरा झाला होता.

“आईनं शपथ घातली होती. आजीला सांगायचं नाही, नाहीतर ती बंद करेल. मी बोललेच नाही तुझ्याशी. बोलले असते तर चुकून तोंडातून गेलं असतं.” ती थांबली, आणि मग खरंच कळत नसल्यासारखी तिनं विचारलं, “तरी तुला कसं कळलं? काल मोडलीस ना सीडी?”

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना तेव्हा कळलं.

मी पातेलं खाली ठेवलं. मागच्या पडवीत गेले आणि पोतं उपडं केलं. अठ्ठावीस वर्षं ह्या हातांना काच लागू दिली नव्हती. लाल, हिरव्या, मोतिया, सगळ्या तुकड्यांत मी दोन्ही हात घातले. सुधाकर म्हणाला, “आई, अगं हात,” तर मी म्हटलं, “गप बस.” केतकी शेजारी येऊन वाकायला लागली. “तू नको,” मी म्हटलं, “काच आहे.” आणि तिला कोपरानं मागं सारलं. चार तुकडे मिळाले. पदराला पुसून ते मी ओट्यावर जुळवले. रक्तानं परत माखले, परत पुसले. अगदी नीट जुळले ते. मध्ये फक्त केसाएवढी फट.

अण्णा दारात येऊन उभे होते. म्हातारा रडत होता. मला बोलला असता तर बरं झालं असतं.

“घेऊन जा तिला,” मी म्हटलं.

“विहीणबाई, आता बोलली की ती. मी म्हटलं होतं, बोलली तर...”

“घेऊन जा. तुमच्याकडं गाऊ देतात.”

दुपारच्या गाडीनं ते गेले. केतकीनं जाताना मला विचारलं, “आजी, तू आता माझ्याशी बोलणार नाहीस का?” मी हातांना फडकं बांधून बसले होते. मी म्हटलं, “बोलीन की. जाते कुठं?”

पुढं मी ती सीडी पुष्कळ शोधली. जत्रेतल्या गाड्यांवर, कोल्हापूरच्या दुकानांत, पुण्याला एका लग्नाला गेले तेव्हा तिथंही. तीच बाहुली, तेच पिवळे केस असलेल्या खूप मिळाल्या. घरी आणून लावायचे. झाड दुसऱ्याच भाषेत, दुसऱ्याच बाईच्या आवाजात गायचं. मध्ये थांबायचं नाही. त्या बायांना दम होता.

केतकी सुट्टीला येत राहिली. बोलायची, हसायची. शिकली, नोकरीला लागली. गाणं मात्र शिकली नाही. अण्णांनी पुष्कळ सांगून बघितलं म्हणतात. आम्ही दोघींनी ते गाणं परत कधी काढलं नाही. मला वाटलं, विसरली असेल. लहान होती.

गेल्या वैशाखात तिचं लग्न झालं. चुडा भरायला ती कऱ्हाडला आली. “तुझ्याच हातचा,” म्हणाली. माझी बोटं आता वाकडी झाली आहेत. दुकान सुधाकर बघतो, मी नुसती गल्ल्याशेजारी बसते. पण तिचा हात हातात घेतला आणि माप बघावं लागलं नाही. दोन-चार.

दुपार होती. दुकानात आम्ही दोघीच. मी पहिली बांगडी चढवली, दुसरी चढवली. काय झालं कोण जाणे, मी तोंड उघडलं. मला गळा नाही. माझा आवाज म्हणजे फाटकं पोतं. पण त्या वर्षी मी ते गाणं इतक्यांदा ऐकलं होतं की सगळं जसंच्या तसं माझ्यात बसलं होतं, आणि दुसरीकडं ते कुठंच नव्हतं.

“पान हललं तर वारा नको समजू, बाळे, मी...”

“आजी,” केतकी म्हणाली.

मी थांबले. तिची मान खाली होती, नजर बांगडीवर.

“तसं नाही. तिथं थांबायचं. तिथं आई श्वास घ्यायची.”

बांगडी अगदी सांध्यावर होती. मी थांबले, तिनं सांगितलं तिथं. श्वास घेतला. मग दाबली.